दोन पगारांची टाकी

औरंगाबादच्या मुकुंदवाडीत १९८०च्या दशकात प्लॉट घेणारा माणूस आधी जमिनीकडे बघायचा. काळी माती किती हात खोल, मुरूम कधी लागतो, पाषाण कुठं आडवा येतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घ्यायचं. पाया त्यावरून ठरायचाच. पण खरी काळजी संडासच्या टाकीची असायची. डोक्यावर पत्रे चालतील, गिलावा पुढच्या दिवाळीला करता येईल. टाकीचा खड्डा मात्र एकदाच खोदायचा असतो आणि तो चुकला तर पिढीभर त्रास देतो.

ही वस्ती उभी केली ती चिकलठाणा एमआयडीसीत कामाला लागलेल्या माणसांनी. जालना, बीड, परभणीकडून आलेली ही मंडळी. शेतमालकाकडून वीस बाय तीसचा तुकडा घ्यायचा, बाँडपेपरवर सह्या करायच्या, झालं. एनए नाही, लेआउट नाही. शेजारी सिडकोनं आखून वसवलेल्या वसाहती होत्या. तिथं घराची किल्ली हातात यायची तेव्हा ड्रेनेजची लाईन आधीच जमिनीखाली टाकलेली असायची. औरंगाबादची महापालिका डिसेंबर १९८२ मध्ये झाली, पण आमच्या गल्लीत कित्येक वर्षं पक्कं गटारसुद्धा नव्हतं. ज्याची त्यानं सोय करायची.

सोय नसलेल्यांनी रेल्वेलाईन गाठायची. मनमाडकडून येणारी तेव्हाची छोटी लाईन गावाला लागून जायची. तिच्या कडेची बाभळीची झुडपं हाच सगळ्या वस्तीचा संडास. पुरुष दिवसाउजेडी जायचे. बायकांना तेवढी मुभा नव्हती. आई आणि आत्या पहाटे चारला टमरेल घेऊन निघायच्या, नाहीतर दिवेलागणीनंतर. इंजिनचा झोत अंगावर आला की सगळ्या बायका एकदम उठून उभ्या राहायच्या, गाडी गेली की पुन्हा बसायच्या. पावसाळ्यात विंचूकाट्याची भीती, आजारपणात तर हालच. आई दुपारी पाणी पीत नसे. पाणी का पीत नसे, हे मला फार पुढे कळलं.

म्हणून आमच्या घरात आईची एकच अट होती. आधी संडास, मग बाकी सगळं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टाकीचा हिशेब घराच्या वहीत लिहून ठेवला आहे. साल १९८६. खोदाई ४००, सिमेंट आठ पोती ५२०, मिस्त्री ३५०, हाताखालची दोन माणसं ३००, शहाबादी फरश्या २५०, पाईप १५०, वाळू १३०. एकूण रुपये २,१००. त्यांचा पगार तेव्हा हजाराच्या आसपास होता. दोन पगार मातीखाली गेले.

खोदाई वडार जोडप्यानं केली. ब्रासवर बोली ठरली. वरची काळी माती अर्ध्या दिवसात निघाली, मुरूम दुसऱ्या दिवशी. मग मांजऱ्या लागला आणि त्याखाली काळा पाषाण. आपला बहुतेक मराठवाडा लाव्हारसाच्या थरांवर बसलेला, त्यामुळे असा दगड कुणाला चुकत नाही. वडार पहार धरायचा, त्याची बायको सुतकी मारायची, मग दोघं जागा बदलायचे. खालचे दोन हात उतरायला आठवडा लागला. निघालेला दगड त्यांनी आकाराप्रमाणे लावून ठेवला होता. अण्णांनी वीट घेतलीच नाही. टाकीच्या भिंती त्याच दगडाच्या उभ्या राहिल्या. वहीत विटांची ओळ नाही ती त्यामुळे.

सिमेंटचीही एक गोष्ट आहे. १९८२ पर्यंत सिमेंट पूर्णपणे सरकारी नियंत्रणाखाली होतं, परमिटाशिवाय पोतं मिळत नसे. त्या वर्षी नियंत्रण अर्धवट उठलं, १९८९ मध्ये पूर्ण. आम्ही बांधलं तेव्हा खुल्या बाजारात पासष्टला पोतं मिळत होतं, पण परमिटाच्या काळाची धास्ती माणसांच्या अंगात मुरलेली. आठ पोती घरात आणून, लाकडी फळ्यांवर रचून, त्यावर ताडपत्री टाकून आम्ही भावंडं त्यांच्याशेजारी झोपलो होतो.

मिस्त्री मामा अक्षरओळख नसलेले. पण त्यांचं काम आज कोणत्याही इंजिनिअरनं तपासावं. टाकीच्या मध्ये त्यांनी आडभिंत घातली, तिला खालच्या अंगाला भोकं ठेवली. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाईपांना टी बसवले, म्हणजे वरची साय आणि तळाचा गाळ दोन्ही आतच राहतात आणि मधलं पाणी तेवढं पुढं जातं. बाहेर जाणारा पाईप आत येणाऱ्यापेक्षा दोन बोटं खाली. आतून दोन हात गिलावा, वर नुसत्या सिमेंटचा घोटा. वाफेच्या पाईपाला टोकावर जाळी बांधली, डास आत जाऊ नयेत म्हणून. मग टाकी पाण्यानं भरली, भिंतीवर कोळशानं रेघ ओढली आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. पाणी रेघेवरून हललं नाही तेव्हाच फरश्या चढवल्या. शेवटी दोन घमेली शेणाचा काला टाकीत ओतला. आत जंतू लवकर धरावेत म्हणून तेव्हा सगळेच असं करत.

फरश्यांचे सांधे बुजवताना त्यांनी एक फरशी मोकळी ठेवली आणि तिला लोखंडी कडी बसवली. आईला ते बरं दिसेना. मामा म्हणाले, “वहिनी, ही कधी बुजवू नका. आज ना उद्या उघडावं लागतंच. मंग कामून फोडाफोडी करायची?”

गल्लीत कुणाची टाकी खोदायची म्हटलं की रविवारी चार माणसं घमेली घेऊन यायची. ज्यांचे प्लॉट पाठीला पाठ लावून होते त्यांनी दोन घरांत एक टाकी बांधली, खर्च निम्मा-निम्मा. वाटणीवरून भांडणं झाल्याचं मला आठवत नाही. गल्लीत पहिला संडास ज्याच्या घरी सुरू झाला त्यानं गल्लीला पेढे वाटले होते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं मी प्रेमानं सांगतो आहे, पण त्या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. शोषखड्डा करायला जागा नसायची. पाईप सरळ घरापुढच्या चरात, चर नाल्यात, नाला सुखना नदीत. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस २४७० प्रमाणे, शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवा. वीस बाय तीस फुटांच्या प्लॉटची लांबीच ९ मीटर. ते अंतर आणायचं कुठून? हातपंप, टाकी आणि मोरी एकमेकांच्या डोळ्यांसमोर असायची आणि पावसाळ्यात कावीळ, हगवण घरोघर फिरायची. दवाखान्यात जेवढे पैसे गेले ते कुणाच्याच टाकीच्या हिशेबात नाहीत.

आणि टाकी भरली की माणसं यायची. रात्री, बादल्या आणि दोर घेऊन. अंगात फाटका बनियन, पोटात दारू. कारण शुद्धीत राहून ते काम होत नाही. सगळी गल्ली दारं लावून घ्यायची. सकाळी चुन्याची पांढरी रांगोळी तेवढी दिसायची. त्या माणसांना कुणी आत बोलावून चहा दिल्याचं मी पाहिलेलं नाही. माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३चा आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटार-टाकीत माणूस उतरवण्यालाही अटकाव करणारा कायदा २०१३चा. तोवर, आणि नंतरही, आमच्या सोयीची किंमत ती माणसं देत होती.

आता आजचा हिशेब. माझ्या पुतण्यानं सुंदरवाडीकडे प्लॉट घेतला आहे. मुकुंदवाडीत जागा घेणं आता पगारदाराच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, आणि सुंदरवाडीत त्याच्या गल्लीपर्यंत ड्रेनेजची लाईन अजून आलेली नाही. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही जिथं होतो तिथंच तो आज उभा आहे, फक्त चार किलोमीटर पुढं. त्यानं कंत्राटदाराचा कागद माझ्यासमोर ठेवला. “काका, हे बगा. घराच्या आधी एवढं जमिनीत घालायचं.”

टाकी आतून सात फूट लांब, चार रुंद, सहा खोल. जेसीबी आणि दगड फोडायला ब्रेकर मिळून ११,००० रुपये. आठवडाभराचं वडार जोडप्याचं काम आता एका दिवसात होतं. दगड मात्र ट्रॅक्टरमध्ये भरून फेकून देतात, कारण दगडाची भिंत रचणारा मिस्त्री मिळत नाही. म्हणून वीट, ती १३,००० ची. सिमेंट ७,०००. सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वर आला, तेवढाच दिलासा. वाळू आणि खडी ८,०००. त्यातली वाळू गोदावरीची नाही, दगड दळून केलेली. आमच्या वेळी पैठणकडची वाळू १३० रुपयांत दारात पडली होती. ती वाळू उपसून उपसून नदीचं काय झालं हे आपण बघतोच आहोत, त्यामुळे क्रश सँडला मी नावं ठेवणार नाही. लोखंड ४,०००, मजुरी १६,०००, पाईप आणि झाकणं ५,०००, शोषखड्डा ९,०००. बेरीज ७३,०००.

पुतण्याचा पगार अठरा हजार. कंत्राटी कामगार आहे, कायम नाही. अण्णांना टाकी दोन पगारांत पडली, त्याला चार लागतात. यंत्रं आली, काम झटपट झालं, तरी कामगाराच्या घराला टाकी दुप्पट महाग झाली. “तेव्हा स्वस्ताई होती” असं सगळेच म्हणतात. पण स्वस्ताईचा बराच भाग वडार जोडप्याच्या कमी मजुरीतून आणि शेजाऱ्यांच्या फुकट हातांतून आला होता. मजुरी वाढली ती वाढायलाच हवी होती. वाढला नाही तो माझ्या पुतण्याचा पगार.

कंत्राटदारानं दुसराही पर्याय सांगितला. कारखान्यात बनवलेली प्लॅस्टिक किंवा फायबरची टाकी आणायची, खड्ड्यात ठेवायची, भोवती वाळू भरायची. गळण्याची भीती कमी आणि काम एका दिवसाचं. जागा लहान असेल तर मला तो पर्याय वाईट वाटत नाही. पण काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी वर येतं आणि रिकामी हलकी टाकी वर उचलली जाते. तिला खाली काँक्रीट करून बांधून ठेवावं लागतं आणि बसवल्या बसवल्या पाण्यानं भरावं लागतं. हे विकणाऱ्यानं सांगायला हवं, ते आपल्यालाच विचारावं लागतं.

मोठ्या टाकीच्या हौसेबद्दलही बोललं पाहिजे. “एकदाच मोठी बांधून टाका, जन्मात उपसायला नको,” असं आजही ठासून सांगितलं जातं. तसं होत नाही. मानक सांगतं की पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण एक मीटर पाण्याची खोली पुरते. दहा माणसांना दोन मीटर लांब, ०.९ रुंद. मात्र दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढायचा. टाकी कितीही मोठी असली तरी गाळ साचतोच. साचून घट्ट बसला की टाकी नुसती नावाची राहते, मैला जसाच्या तसा बाहेर पडतो. पुतण्याला मी एवढंच सांगितलं, लांबी एक फूट कमी कर आणि तो पैसा शोषखड्ड्याला दे.

गाव असतं आणि परसात जागा असती तर मी त्याला टाकी बांधूच दिली नसती. दोन शोषखड्ड्यांचा संडास करायला लावला असता. एक खड्डा भरला की दुसऱ्यावर वळवायचं. पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षात वास न येणारं खत होतं. देहूच्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर गावोगाव हेच सांगितलं, मैल्यापासून गॅस करणारा संडासही बसवून दाखवला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं आणि २०१४ नंतर स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांच्या अनुदानानं खेड्यात असे संडास उभे राहिले. पण काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं आणि खाली पाषाण असला की आणखीच कमी. सुंदरवाडीच्या त्या तुकड्यात दोन्ही आहेत.

आणखी एक गोष्ट आमच्या आणि आजच्या टाकीत वेगळी आहे. पाणी. आम्ही संडासात बादलीनं पाणी टाकायचो आणि ती बादली मोजून. २०१९ च्या दुष्काळात मुकुंदवाडीची शाळकरी मुलं रेल्वेत बसून औरंगाबाद स्टेशनावर जायची आणि घागरी, कॅन भरून परत यायची. त्यांचे फोटो जगभर छापून आले. ज्या लाईनच्या कडेला आमच्या आया अंधारात बसल्या त्याच लाईनवरून त्यांच्या नातवंडांनी पाणी वाहिलं. जायकवाडी उशाला असून या शहराला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा मिळण्याचीही मारामार राहिली आहे. तरीही नव्या घरात कमोड हवा आणि फ्लशची टाकी हवी. घ्या, वयस्कर माणसांना त्याची गरजही असते. पण वॉशिंग मशीनचं आणि मोरीचं साबणपाणी संडासच्या टाकीत सोडू नका. पाणी जास्त झालं की गाळ बसायला वेळ मिळत नाही. ते पाणी वेगळं काढून झाडांना द्या.

मलिक अंबरानं सतराव्या शतकात या शहरात नहरीनं पाणी आणलं, पाणचक्कीवर आपण पाहुण्यांना अभिमानानं नेतो. शहरात आलेलं पाणी बाहेर कसं गेलं, हे मात्र आपण कुणी सांगत नाही. ती गोष्ट आता कुठं सुरू झाली आहे. कांचनवाडीला रोज १६ कोटी १० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचं केंद्र उभं राहिलं, झाल्ट्यालाही एक झालं. आमच्यासारखे बिनलेआउटचे तुकडे नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, २०२१ च्या दुरुस्तीनं २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना तो लागू झाला. आमच्या गल्लीतही लाईन आली. अण्णांनी जोडणी घेतली, जुनी टाकी उपसली आणि मुरूम टाकून बुजवली. ती तशीच रिकामी ठेवून वर खोली बांधणारी घरं मी पाहिली आहेत. ते धोक्याचं आहे.

साताऱ्याजवळच्या वाईत आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्ये नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी घरोघरची टाकी आपणहून उपसण्याची योजना केली. तक्रारीची वाट न बघता गाडी दारात येते आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात जातो. आपल्याकडच्या कडेच्या वस्त्यांना लाईन येईपर्यंत हेच हवं. आज इथं खासगी टँकर दोन-अडीच हजार घेतो, आणि भरलेली गाडी रात्री कुठं रिकामी होते हे कुणी विचारत नाही. आपण विचारलं पाहिजे.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात टाकी साफ करायला उतरलेले पाच मजूर गुदमरून गेले. टाकीतला वायू दिसत नाही, त्यातला एक तर नाक बधिर करतो, मग वासही येत नाही. एक पडला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. अशा मृत्यूला सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाखांची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवून दिली. माणूस त्यानं परत येत नाही.

नवी टाकी बांधणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. अंदाजपत्रकात शोषखड्डा धरा, आणि दर तीन वर्षांच्या उपशाचे पैसे आजच बाजूला काढा. झाकणावर टाईल्स घालू नका. टँकरचा पाईप पोचेल अशी ती जागा मोकळी ठेवा. कितीही घाई असली, कुणी कितीही कमी पैशात तयार झाला, तरी माणूस आत उतरवू नका. यंत्रानं टाकी उपसून घेण्यासाठी १४४२० हा हेल्पलाईन क्रमांक आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.